खुर्चीला शिवलेला कोट

खरं सांगते! ओरडून सांगते, शेजारणीच्याही कानावर जाऊ दे: यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. एक शब्द जरी खोटा निघाला, तर हीच सुई माझ्या जिभेत आरपार टोचा आणि वर गाठ मारा. मग बसा गप्प, कारण त्यानंतर या घरात गोष्ट सांगणारं कुणी उरायचं नाही. शेजारीण म्हणते, म्हातारी थापा मारते. मारते ना! थापा मारायला काय दात लागतात? पण ही थाप नाही.

राष्ट्रपतींच्या घरी मी शिवणकामाला होते. घर केवढं अवाढव्य, आणि माझी खोली तळघरात, इस्त्रीवाल्याच्या शेजारी. खिडकी अंगणाच्या फरशीला लागून. येणाऱ्याजाणाऱ्याचे नुसते बूट दिसायचे. मंत्री कोण, कारकून कोण, सगळ्यांना मी बुटांवरून ओळखायची. पंतप्रधानांचे बूट करकरायचे. ते वाजले की इस्त्रीवाला म्हणायचा, "आली बाई, सहीची वेळ आली."

माझं मुख्य काम म्हणजे कोट. राजाला घालवून लोकांनी पहिला राष्ट्रपती निवडला, तेव्हा त्याच्यासाठी एक काळा लांब कोट शिवला होता. अस्तर कशाचं? राजाच्या दिवाणखान्यातल्या पडद्याचं. तो पहिला म्हणे दरवाजाएवढा रुंद होता. जाताना त्याने कोट खुंटीला अडकवला आणि म्हणाला, "हा माझा नाही, खुर्चीचा." झालं! तेव्हापासून प्रथाच पडली. माणूस नवा, कोट तोच. नवा आला की उसवायचा, आत घ्यायचा, नाहीतर सोडायचा.

त्यामुळे या देशाचे राष्ट्रपती मला चेहऱ्याने कमी आणि शिवणीने जास्त माहीत. दुसऱ्याला वाटलं, राज्य आपणच करतो. त्याने भर जिन्यात पंतप्रधानाला "चालता हो" म्हटलं. त्या पंतप्रधानाने धरली बाही, ती खांद्यापासून सुटून हातात आली. तिथले टाके अजून वेडेवाकडे आहेत, घाईघाईत घातलेले. मग कायद्यात स्पष्ट लिहिलं, राष्ट्रपतीने मंत्र्यांच्या सल्ल्याने वागायचं. म्हणजे हात याचा आणि डोकं त्यांचं. तिसरा मास्तर. समोर येईल त्यावर सही करायचा, आणि खिशात कायम बिस्किटांचा चुरा. चौथा फौजेतला. त्याने आतल्या बाजूला पिस्तुलासाठी खिसा करून घेतला आणि संसदेला कुलूप ठोकलं. त्या वर्षांबद्दल माझी आई दार लावल्याशिवाय बोलायची नाही. तो गेल्यावर खिसा शिवून टाकला. दर नव्या राष्ट्रपतीच्या वेळी मी तो खिसा चाचपायची आणि वरून पुन्हा टाके घालायची. मला कुणी सांगितलं नव्हतं हो. आपलं मनाचं समाधान.

माझ्या काळातले साहेब निवडून आले, कारण त्यांचा कुणालाच त्रास नव्हता. बारीक आवाज, बारीक अंग, बायको आधीच गेलेली. लोक त्यांना रबरी शिक्का म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. एकदा मला म्हणाले, "बाई, शिक्क्याला निदान शाई तरी लागते. मला तीही दुसरे पुरवतात."

आता माझ्या भाच्याचं सांगते. माझ्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. उंचीमुळे सगळे त्याला शिडी म्हणायचे. लहानपणापासून त्याचे सदरे मी शिवले आणि एकाही सदऱ्याच्या बाह्या त्याला पुरल्या नाहीत. माप घ्यावं, बटणं लावेपर्यंत पोरगं वाढलेलं! म्हणायचा, "मावशी, तू बाहीतलं कापड चोरतेस." मी म्हणायची, "मेल्या, हात आवर की जरा."

तो एका गोदामात हमाली करायचा. तिथे संप झाला, मारामारी झाली, आणि गोदामाला आग लागली. आत पहारेकरी होता. तो जळून गेला. पोलिसांनी जे हाताला लागले ते धरले. शिडी सगळ्यांपेक्षा उंच, त्याला तर लांबूनही ओळखता येतं. त्यानेच पलीता फेकला, असं साक्षीदार म्हणाले. तो म्हणाला, मी नाही. मला विचाराल तर मला माहीत नाही. त्याच्या आईलाही माहीत नव्हतं. आणि त्या पहारेकऱ्यालाही आई होती, हे आम्ही दोघी विसरलो नव्हतो. कोर्टाने फाशी सांगितली. वरच्या कोर्टाने तीच. उरला दयेचा अर्ज, आणि तो येतो राष्ट्रपतींकडे. मंत्र्यांनी त्यावर सल्ला लिहून पाठवला: दया नको.

धाकटी माझ्याकडेच राहायला आली. शिवणखोलीत कोपऱ्यात बसायची. रडायची नाही, नुसते धागे गुंडाळायची.

राष्ट्रपतीच्या कानाशी तोंड नेऊ शकतात ती माणसं दोनच. डॉक्टर आणि शिंपीण. कोटाचा खांदा नीट करताना मी तोंड नेलं.

"साहेब, तो गोदामवाला पोरगा माझा भाचा आहे."

तोंडात टाचण्या होत्या, म्हणून रडता आलं नाही. टाचण्यांचा तेवढा उपकार.

साहेब आरशात बघत म्हणाले, "मला कशाला सांगता, बाई? मी एकदा फाईल परत पाठवली. पुन्हा विचार करा म्हटलं. तेवढं एकदाच करता येतं. त्यांनी विचार न करता परत धाडली. आता सही करावीच लागते."

"सही झाल्याशिवाय फाशी नाही ना?"

"नाही."

"मग कधीपर्यंत करावी लागते?"

साहेब आरशाकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "ते लिहिलेलं नाही. कायदा लिहिणारे मोठमोठे विद्वान होते. पण कधीपर्यंत, तेवढं लिहायचं राहिलं."

मी खडूने खूण केली. साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही माणसाची उंची, वजन कशासाठी विचारता?"

"उंची विचारते. वजन दिसतंच. कपड्यासाठी, साहेब."

"तुरुंगवाल्यांनी तुमच्या भाच्याचं दोन्ही कळवलंय. कपड्यासाठी नाही."

मला कळायला जरा वेळ लागला. दोरी केवढी सोडायची, त्याचा हिशेब होता तो. माझ्या हातातली माप घ्यायची पट्टी एकदम जड झाली. साहेबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. म्हणाले, "आज राहू द्या."

त्या दिवसापासून साहेबांनी ती फाईल उशाशी घेतली आणि सही केली नाही.

बूट करकरत आले, करकरत गेले. पुन्हा आले. साहेबांचे सचिव होते, मान कायम ताठ, म्हणून आम्ही त्यांना कॉलर म्हणायचो. ते वाघासारखे दिसायचे, पण पोटात काही राहायचं नाही. बटण लावून घ्यायच्या निमित्ताने खाली यायचे आणि सगळं ओकून जायचे.

"शिंपीणबाई, आज पंतप्रधान म्हणाले, सही का नाही? साहेब म्हणाले, विचार करतोय. पंतप्रधान ताडकन उठले. विचार करताय? कुणाच्या सल्ल्याने?"

इस्त्रीवाला इतका हसला की टेबलक्लॉथ जळाला.

पण हसू फार टिकलं नाही. साहेबांना आतून काहीतरी खात होतं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मी ते कधी उच्चारलं नाही. वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो. कोट सैल होत चालला. आणि इथेच खरं घोडं पेंड खात होतं. राष्ट्रपती आजारी पडून काम करेनासा झाला, तर त्याच्या जागी कोण? सभापती. आणि सभापती कोण? पंतप्रधानांचा व्याही! म्हणजे साहेबांनी अंथरूण धरलं की त्याच दिवशी व्याहीबुवा सही ठोकणार.

"संसदेची मुदत संपेपर्यंत उभं राहायला हवं," साहेब मला म्हणाले. "शेवटच्या दिवशी मी भाषण वाचतो, आणि सूर्य मावळताना घंटा होते. घंटा झाली की संसद संपली. मग निवडणूक होईपर्यंत हे सरकार नुसतं राखणदार. राखणदाराने कुणाच्या जिवाचा निर्णय घ्यायचा नसतो, असा दंडक आहे. आणि विरोधकांनी सभांमधून शब्द दिलाय, आम्ही आलो तर त्या पोराला फाशी नाही."

"तुम्ही उभे राहाल, साहेब?"

"मी नाही राहणार. कोट राहील का, ते तुम्ही सांगा."

मग मी काय केलं? कोटाच्या आत गादी शिवली. छातीला, खांद्यांना, पोटाला. दर आठवड्याला साहेब कमी व्हायचे आणि मी कापूस वाढवायची. बाहेरून बघावं तर साहेब जसेच्या तसे, उलट जरा बाळसं धरलेले! पाठीत वेताच्या पट्ट्या घातल्या, म्हणजे वाकता येऊ नये. बाहेरून एवढा कापूस आणवला असता तर दहा जणांनी विचारलं असतं. धाकटी उठली, घरी गेली आणि शिडीची उशी घेऊन आली. पोरगं धरून नेलं त्या दिवसापासून तिने त्या उशीला कुणाला हात लावू दिला नव्हता. तिने ती स्वतः उसवली आणि मांडीवर घेऊन पिंजत बसली.

"ताई, पुरेल का गं?" तिने विचारलं.

"पुरेल. त्याची उशीही त्याच्यासारखीच लांब आहे."

ती हसली. त्या सगळ्या दिवसांत तेवढं एकदाच.

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी साहेबांना कोट चढवला तेव्हा आत माणूस शोधावा लागत होता. गालांना मी थोडा लाल रंग लावला. साहेब म्हणाले, "नवरी मुलगी दिसतोय का?" मी म्हटलं, "दिसताय, पण वरपक्ष बेकार आहे."

संसदेत राष्ट्रपतीची खुर्ची उंचावर असते आणि तिची पाठ विणलेल्या वेताची. मागे पडदा. पडद्याआड एका स्टुलावर मी, सुईदोरा घेऊन. तीही प्रथाच. भाषणात पहिल्या राष्ट्रपतीचं बटण तुटून पंतप्रधानाच्या डोक्यावर पडलं होतं, तेव्हापासूनची. आणि सगळ्यात मोठी प्रथा अशी की भाषण संपल्यावर राष्ट्रपती बसतो, आणि तो पुन्हा उठेपर्यंत कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही, बाहेर जायचं नाही. फौजेतल्याने लावलेली शिस्त ती. तो गेला, शिस्त राहिली.

साहेबांनी भाषण वाचलं. लिहिलेलं सरकारने. "माझ्या सरकारने असं केलं, माझ्या सरकारने तसं केलं." बारीक आवाज, पण एकही शब्द चुकला नाही. वाचून झालं. ते बसले. सगळे त्यांच्या उठण्याची वाट बघू लागले.

ते उठले नाहीत.

मी पडद्यातून हात घातला. मानेला लावला. मग मनगटाला लावला. वेताच्या पट्ट्यांनी पाठ ताठ धरली होती, कापसाने छाती फुगवली होती, आणि आत कुणी नव्हतं.

मी कॉलरकडे पाहिलं. ते बाजूला उभे होते. माझं तोंड बघून त्यांना कळलं. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. आता ते ओरडले असते, तर संपलं होतं. समोरच सभापती बसलेला, त्याला तिथल्या तिथे शपथ, आणि फाईलची दुसरी प्रत बाहेर गाडीत तयार. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

कॉलरने मान ताठ केली आणि समोर बघत उभे राहिले. पोटात काही न राहणारा माणूस! जन्मात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी गिळलं.

आणि साहेब डावीकडे कलायला लागले. मी काय करणार? सुईत दोरा होताच. वेताच्या विणीतून सुई घातली आणि कोट खुर्चीला शिवायला घेतला. खांद्यापाशी, कमरेपाशी, दुसऱ्या खांद्यापाशी. दुहेरी दोरा. टाका सरळ पडला. साहेबांना म्हणत होते, मनातल्या मनात, "थोडं बसा. आयुष्यभर दुसऱ्यांनी बसवलं तिथे बसलात. आज माझ्यासाठी बसा."

आख्खी संसद त्यांच्यासमोर बसून राहिली. कुणी खोकलं. कुणी घड्याळ बघितलं. एका म्हाताऱ्या खासदाराला लघवीची घाई होती. तो पायावर पाय टाकून, डोळे मिटून, ओठ चावत बसला होता. दोघे घोरायला लागले. पंतप्रधानांनी चिठ्ठी पाठवली. कॉलरने वाचली आणि हळूच उत्तर दिलं, "साहेब विचार करताहेत." पंतप्रधानांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्याच खिशात हात घातलाय. पण उठायची हिंमत? छे. एखादा उठला असता तर म्हटलं असतं, वा रे गडी. एकही उठला नाही. जिवंतपणी साहेबांचं कुणी ऐकलं नाही. आणि त्या दिवशी एवढे मंत्री, एवढे पुढारी, सगळे एका मेलेल्या माणसाच्या धाकात.

उजेड खिडक्यांवरून सरकत छताला गेला. मग घंटा झाली.

मी दाताने दोरे तोडले.

साहेब पुढे झुकले, हळू, नमस्कार केल्यासारखे. सगळे ताडकन उभे राहिले. कॉलर रडत ओरडले, "राष्ट्रपती गेले!" कुणी म्हणालं, अरेरे. कुणी म्हणालं, आत्ताच तर बरे दिसत होते. तो म्हातारा खासदार मात्र शोक बाजूला ठेवून धावत सुटला. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ घंटेनंतरची लिहिली. दुसरं काय लिहिणार? आम्ही सगळे मढ्यासमोर हात जोडून बसलो होतो, हे कोण कबूल करेल?

निवडणुकीत करकरणारे बूट हरले. नवे आले ते रबरी तळव्यांचे, आवाजच करायचे नाहीत. इस्त्रीवाला म्हणाला, "याचं काही खरं नाही. कधी आले, कधी गेले, कळायचं कसं?"

कोट पुन्हा माझ्या टेबलावर आला. मी कापूस काढला, धाकटीने तो परत उशीत भरला. नव्या राष्ट्रपतीसाठी शिवण आत घेतली. पिस्तुलाच्या खिशावर टाके घातले. हा माणूस तरुण होता, नीटनेटका, अत्तर लावणारा. माप घेताना मी त्याच्याही कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं. साहेब कसे गेले, तेही.

त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "बाई, तुमचं दुःख मला समजतं. बघतो."

मी बाहीत हात घालून विचारलं, "इथे काचत नाही ना? हात हलतोय ना नीट?"

त्याने हवेत लिहिल्यासारखं करून पाहिलं. "अगदी छान हलतोय."

आणि मग काय, शिडी सुटला! पावसापाण्याचा नाही, छान कोरडा दिवस होता. तुरुंगाच्या लहान दारातून वाकून बाहेर आला. मी त्याच्यासाठी नवा पांढरा सदरा शिवून नेला होता, जुन्या मापावर चार बोटं जास्त धरून. त्याने तिथेच रस्त्यात अंगात घातला. आणि बघते तर काय, बाह्या आखूड! तुरुंगातही वाढलेला मेला. धाकटी हसता हसता रडायला लागली, आणि तो म्हणाला, "मावशी, तू अजून कापड चोरतेसच."

झाली गोष्ट. सगळी खरी. कोट खरा, कापूस खरा, खुर्चीचे टाके खरे. संसदेतल्या त्या खुर्चीच्या वेतात अजून माझा काळा दोरा अडकलेला असेल, जाऊन बघा.

काय गं पोरी, काय बघतेस अशी माझ्याकडे? बरं. एक बारीकशी गोष्ट रचली मी. एकच.

बाह्या आखूड पडल्या म्हटलं ना, ते. तो सदरा अजून माझ्या पेटीत आहे, घडीही मोडलेली नाही. आखूड होता की बरोबर, ते मला कधी कळलंच नाही. विरोधात असताना दया फुकट असते गं. रबरी बूट खुर्चीवर आले आणि त्यांनीही तोच सल्ला लिहून पाठवला. नव्या राष्ट्रपतीने पहिल्याच आठवड्यात सही केली.

कोटाची बाही कुठेही अडली नाही. मीच बसवली होती.